छत्तीस पायऱ्या : यकृताची वाट पाहणाऱ्या एका घराचा प्रकरण अभ्यास

काकांना ओपीडीतल्या खुर्चीवरून उठायचं होतं. ते नुसते पुढे वाकले आणि शेजारी बसलेल्या काकूंचा हात त्यांच्या बगलेत गेलासुद्धा. कोणी काही बोललं नाही. हे इतक्या सवयीनं झालं की दोघांनाही त्यात काही वेगळं वाटलं नसावं.

"काकू, आता एकदा हात न देता बघू," मी म्हटलं.

काका तीनदा पुढे झुकले, तिन्ही वेळा परत बसले. चौथ्यांदा हसून म्हणाले, "मॅडम, खुर्ची बुटकी आहे तुमची."

खुर्ची ४५ सेंटिमीटर उंचीची होती. घरोघरी जेवायच्या टेबलाशी असते तेवढीच.

मी पुण्यात यकृत प्रत्यारोपणाच्या टीमबरोबर फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण त्यात औषधोपचारात फारसं काही चुकलं नव्हतं आणि घरच्यांच्या सेवेत तर काहीच कमी नव्हतं. तरीही माणूस खुर्चीतून उठू शकत नव्हता. ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत.

काका ५६ वर्षांचे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर तीस वर्षं काम केलेले, घराणं माळकरी. दरवर्षी माउलींची पालखी पुण्यातून निघाली की सासवडपर्यंत पायी जायचे, दिवे घाट चढून. शेवटचा घाट तीन वर्षांपूर्वीचा. मधुमेह जुना, त्यातून फॅटी लिव्हर, त्यातून सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणं. आयुष्यात दारूचा थेंब नाही. तरी 'लिव्हर गेलं' म्हटल्यावर नातेवाइकांच्या नजरेत जो प्रश्न दिसतो, तो या घराला दोन वर्षं सोसावा लागला. काकू पहिल्याच भेटीत, मी न विचारता म्हणाल्या, "ह्यांनी कधी घेतली नाही हो." सिरॉसिस म्हणजे दारू हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट आहे की मधुमेह आणि पोटाच्या चरबीतून यकृत निकामी झालेल्या माणसांना आधी चारित्र्याचा दाखला द्यावा लागतो.

पोटात पाणी, एकदा रक्ताची उलटी, त्यानंतर एंडोस्कोपीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड घातलेले, आणि मधूनमधून गोंधळल्यासारखं बोलणं. झेडटीसीसीकडे, म्हणजे पुणे विभागातल्या अवयवदानाचा समन्वय पाहणाऱ्या केंद्राकडे, नाव नोंदलेलं. घरातला दाता शोधूनही झाला होता. काकूंना स्वतःला मधुमेह. मुलगा २९ वर्षांचा, रक्तगट जुळणारा, मनापासून तयार. पण तपासणीत त्याच्याच यकृतात चरबी निघाली. "आधी वजन कमी करा, मग पुन्हा बघू," असं त्याला सांगितलं होतं. म्हणजे घरात वाट पाहणारे दोघं होते, एक यादीवर आणि एक वजनकाट्यावर.

वजन वाढत होतं, माणूस आटत होता

यादीवरच्या रुग्णाची गंभीरता मेल्ड स्कोअरवरून ठरते. त्यात रक्तातलं बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) आणि सोडियम धरतात; आकडा जितका मोठा तितका आजार गंभीर. काकांचा स्कोअर १९ होता. फार वाईट नाही, फार बराही नाही. हा आकडा उपयोगी आहे, पण तो सगळा रक्तातून येतो. मांडीत किती ताकद उरली आहे हे त्याला कळत नाही.

कळायला हवं, कारण यादीवर थांबलेल्यांमध्ये दुर्बळ माणसं जास्त दगावतात, मेल्ड सारखा असला तरी. हे मोजण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या संशोधकांनी २०१७ साली लिव्हर फ्रेल्टी इंडेक्स मांडला. नाव जड आहे, करणं अगदी सोपं. हाताची पकड मोजायची. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. पावलं जोडून, अर्धी मागेपुढे आणि एका रेषेत अशा तीन स्थितींत प्रत्येकी दहा सेकंद उभं करायचं. पाच मिनिटांत होतं. आकडा ३.२ च्या खाली असेल तर माणूस भक्कम, ४.५ किंवा वर गेला तर दुर्बळ.

काकांची पकड १९ किलो भरली. आशियाई पुरुषांत २८ च्या खाली गेली की स्नायू कमजोर धरतात. लेथवर तीस वर्षं चक घट्ट केलेल्या हाताची ही पकड. खुर्चीतून उठणं शून्य. तोल तीसपैकी २६ सेकंद. इंडेक्स आला ५.३. सहा मिनिटांच्या चालण्यात काका २०५ मीटर गेले, त्यात दोनदा थांबले. अडीचशे मीटरच्या आत थांबणाऱ्यांना यादीवर जास्त धोका असतो.

आणि घरातल्यांना काय वाटत होतं? तब्येत सुधारतेय! कारण वजन वाढलं होतं, ७२ वरून ७९ किलो. मुलानं मोबाइलमध्ये नोंद ठेवली होती. ते वजन पोटातल्या पाण्याचं होतं. पाणी काढल्यावर आणि पायांवरची सूज धरून हिशोब केला तेव्हा खरं वजन ६६ च्या आसपास निघालं. कानशिलं आत गेलेली, खांद्याची हाडं वर आलेली, मांड्या पायजम्यात हरवलेल्या, आणि पोट मात्र नऊ महिन्यांचं. वाढतं वजन बघून काकूंनी ताटातलं कमी केलं होतं. त्यांच्या जागी कोणीही असतं तर तेच केलं असतं.

माझी पहिली चूक

मी पहिल्या दिवशी काकांना सांगितलं, रोज अर्धा तास चाला. दहा-दहा मिनिटं तीनदा चाललं तरी चालेल. सोबत चित्रांचा कागद आणि पिवळा रबरी पट्टा दिला. दोन आठवड्यांनी आले तेव्हा कागदाची घडी तशीच, पट्ट्यावरची पावडरसुद्धा तशीच.

मी थोडी चिडलेच. 'मोटिव्हेशन कमी' असं फाइलमध्ये लिहिणार होते. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही."

पद्मावतीजवळची जुनी सोसायटी. एकेका मजल्याला १८ पायऱ्या, दोन मजल्यांच्या ३६. चालायचं तर आधी उतरायचं आणि दमून आल्यावर चढायचं. दवाखान्यात येताना मुलगा मागून ढकलायचा, चार ठिकाणी थांबायचे. महिन्यात दोनदा तो जिना व्हायचा तो फक्त माझ्याकडे येण्यासाठी. तळजाईच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला मी चाला म्हणत होते आणि त्याचा जिना किती, हे विचारलंच नव्हतं.

दुसरं कारण काकांनी स्वतः सांगितलं, मुलगा बिल भरायला गेल्यावर, आवाज खाली करून. लॅक्टुलोज. डोक्यातला गोंधळ टाळायचा तर हे औषध घेऊन दिवसाला दोन-तीनदा पातळसर शौचाला व्हावंच लागतं. त्यातच सकाळची लघवीची गोळी. "खाली गेलो आणि लागली तर? पुन्हा दोन मजले? तोपर्यंत?" पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. यकृताच्या रुग्णांच्या व्यायामावरची व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली आहेत. संडास किती लांब आहे, हे कोणी विचारलेलं आठवत नाही.

मुलाचा जुना पावलं मोजणारा पट्टा काकांच्या मनगटावर बांधला. आठवड्याची सरासरी आली दिवसाला ८५० पावलं. काकांचा स्वतःचा अंदाज "दोन-तीन हजार तरी" असा होता. ते खोटं बोलत नव्हते. दमणूक तेवढी होत होती, म्हणून चालणंही तेवढं झालं असेल असं वाटत होतं. अमेरिकेत यादीवरच्या रुग्णांना यंत्र बांधून पाहिलं तेव्हा जागेपणीचा सुमारे तीन-चतुर्थांश वेळ बसून किंवा आडवं पडून जातो असं दिसलं; आणि 'मी किती हलतो' या रुग्णाच्या सांगण्याचा यंत्राच्या आकड्याशी फारसा मेळ नव्हता.

मग मी घरी गेले. हे मी दरवेळी करत नाही, वेळ नसतो. पण त्या दिवशी गेले आणि त्या पाऊण तासात जे कळलं ते ओपीडीत सहा महिन्यांतही कळलं नसतं. पलंग हॉलमध्ये, टीव्हीसमोर. पाण्याचा तांब्या, गोळ्यांचा डबा, रिमोट, चष्मा, सगळं हाताशी. पलंगाखाली लघवीचं भांडं. काकू दिवसभरात किती वेळा त्यांना उठवतात ते आम्ही तिघांनी बोटांवर मोजलं. चौदा वेळा. चौदा वेळा मांड्यांचं काम काकूंचे दंड करत होते.

"उद्यापासून उठताना हात द्यायचा नाही. शेजारी उभं राहायचं, पडू द्यायचं नाही, पण ओढायचं नाही."

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आल्यागेल्यासमोर हे धडपडणार आणि मी नुसती बघत उभी. बरं दिसतं का ते?"

या उपचारातली सगळ्यात अवघड सूचना हीच ठरली. काकांपेक्षा काकूंना ती जास्त जड गेली.

ताटात काय होतं

व्यायामाआधी ताट बघावं लागतं, नाहीतर उरलासुरला स्नायूही झिजतो.

निरोगी यकृतात साखरेचा साठा असतो आणि रात्रभर शरीर त्यावर चालतं. सिरॉसिसमध्ये हा साठा इतका तुटपुंजा असतो की रात्री आठला जेवून सकाळी आठला चहा घेतला तरी शरीराला दोन-तीन दिवसांचा उपास घडल्यासारखं होतं. साखर बनवायला मग स्नायूच मोडले जातात. दुसरा घाव अमोनियाचा; तो साचून मेंदूपर्यंत गेला की बोलण्यात गोंधळ होतो. यकृताला जो अमोनिया निपटता येत नाही त्यातला बराच स्नायू उचलतात. म्हणजे स्नायू हे यकृताचं बदली कामगार. पण तोच जादा अमोनिया स्नायूची वाढही रोखतो. स्नायू कमी झाले की अमोनिया वाढतो आणि अमोनिया वाढला की स्नायू आणखी कमी होतात. काकांचा गोंधळ आणि काकांच्या मांड्या ही एकाच दुखण्याची दोन टोकं होती. हे मी घरात असंच सांगितलं, आणि मुलाच्या ते चटकन लक्षात आलं.

त्या घरात काय शिजत होतं? मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, उकडलेला दुधी, साबुदाण्याची खीर, चहा-बिस्कीट. 'लिव्हरला आराम' हे त्यामागचं सूत्र. आपल्याकडे कावीळ म्हटली की तेल-तूप बंद, उकडलेलं खा, पेज प्या. आपोआप बरी होणारी कावीळ या आहारातही बरी होते, म्हणून श्रेय पेजेला मिळतं. शिवाय कुठून तरी मिळालेला एक छापील कागद फ्रिजवर चिकटवलेला होता: 'डाळी, दूध, पनीर मर्यादित.' प्रथिनांनी अमोनिया वाढतो ही जुनी भीती. २००४ साली बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी असे गोंधळलेले रुग्ण दोन गटांत विभागून पाहिले. नेहमीइतकी प्रथिनं दिलेल्यांचा गोंधळ वाढला नाही, उलट प्रथिनं तोडलेल्यांच्या शरीरातल्या प्रथिनांची मोडतोड जास्त झाली. तो कागद मी काकूंच्या परवानगीनं काढला. खाली फ्रिजचा रंग वेगळा दिसत होता, इतका तो जुना होता.

हिशोब असा की कोरड्या, म्हणजे पाणी वगळलेल्या वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि ३५ किलोकॅलरी. काकांना रोज ८० ते १०० ग्रॅम प्रथिनं हवी होती. पोटात जात होती जेमतेम ३५. अंडं-मटण माळेमुळे नाही, आणि त्यावर वाद घालायची गरजही नव्हती. दूध, दही, पनीर, मुगाचं धिरडं, शिजवलेली मटकी, सोयाबीन घालून दळलेलं पीठ. दूध आणि डाळींतली प्रथिनं अशा रुग्णांच्या डोक्याला मांसाहारापेक्षा बरी सोसतात. पोटात पाण्यामुळे जागा कमी, म्हणून ताट लहान पण सहा वेळा. मीठ कमी, पापड-लोणचं बंद. रात्री झोपायच्या आधी दुधात कालवलेलं सातूचं पीठ, गूळ न घालता. हा रात्रीचा खाऊ सगळ्यात महत्त्वाचा, आणि 'रात्री जड नको' या शिस्तीमुळे तोच सगळ्यात आधी बंद झालेला असतो.

एकादशीचं मात्र वेगळं होतं. काका महिन्यात दोन एकादशा करायचे, एकवेळ खाऊन. डॉक्टरांनी 'उपास बंद' असं सांगितलं होतं आणि काकांनी मान डोलावली होती, म्हणजे उपास चालूच होता. मी बंद करा म्हटलं नाही. म्हटलं, एकादशी करा, पण दर तीन तासांनी फराळ. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिरा दुधात, दही, उपासाला चालतं ते पनीर. साबुदाणा नको, त्यात पिष्टाशिवाय काही नाही. काका जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. ते तर सगळेच करतात." प्रश्न मिटला.

नातेवाईक शहाळी आणत. ती थांबवावी लागली, कारण काकांच्या पाणी उतरवायच्या गोळीनं पोटॅशियम वाढतं आणि शहाळ्यातही ते भरपूर असतं. कोणीतरी गुळवेलीचा काढाही देऊन गेलं होतं. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली आहे. बाटली मोरीत रिकामी झाली.

गंमत म्हणजे मिशिगनच्या डॉक्टरांनी सिरॉसिसमधल्या पोटरीच्या गोळ्यांवर लोणच्याचं पाणी घोटभर देऊन पाहिलं आणि गोळे सौम्य झाले. काकांना रात्री गोळे यायचे, म्हणून मी हे सहज बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. ते लोणचं काकडीचं, व्हिनेगरमधलं. आपलं कैरीचं नव्हे. काकूंना हे तीनदा समजावावं लागलं.

गोधड्या

व्यायाम सुरू करण्याआधी टीममधल्या डॉक्टरांशी तीन गोष्टी ठरवल्या. शिरा बँड होऊन स्थिर आहेत का? होत्या. बेंबीचा हर्निया होता, म्हणून श्वास कोंडून जोर लावायचा नाही; उठताना श्वास सोडायचा. आणि नाडी मोजून व्यायामाचा जोर ठरवायचा नाही, कारण काका कार्वेडिलॉल घेत होते; त्यानं नाडी मुद्दाम हळू ठेवलेली असते आणि आकडा फसवतो. त्यापेक्षा बोलण्याची खूण बरी. चालताना बोलता यावं, पण अभंग सलग म्हणता येऊ नये. ही खूण काकांना जितकी नेमकी कळली तितकी कुठलीच मोजपट्टी कळली नसती.

हात न देता उठता येत नव्हतं, म्हणून खुर्ची उंच केली. काकूंनी माळ्यावरून तीन गोधड्या काढल्या, घट्ट घड्या करून खुर्चीवर ठेवल्या, खुर्ची भिंतीला टेकवली. तेवढ्या उंचीवरून काका उठले. हात छातीशी, काकू शेजारी, दोन्ही हात पाठीमागे बांधून. हे त्यांनी स्वतःच ठरवलं, नाहीतर हात पुढे जातातच. प्रत्येक खाण्याच्या आधी पाच वेळा उठायचं. इन्शुलिन असल्यामुळे सकाळी मात्र आधी दूध. दहा दिवसांनी एक गोधडी काढायची.

बाकीचं साधं होतं. ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीवर दंड, बसून पिवळा पट्टा ताणणं. पलंग आतल्या खोलीत गेला, पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातच राहिला, भांडं फक्त रात्रीपुरतं. चालणं गॅलरीत, संध्याकाळी, लॅक्टुलोजचा आणि लघवीच्या गोळीचा जोर ओसरल्यावर. तोलासाठी मी एका रेषेत चालायला सांगत होते. काका म्हणाले, "त्यापेक्षा भजनाची पावली करतो." एक पाय पुढे, मागे, बाजूला, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, तालात. मी कुठल्याच पुस्तकात याहून बरा तोलाचा व्यायाम पाहिलेला नाही. पहिले दिवस ओट्याचा आधार, मग मुलाचा खांदा.

मुलगाही सोबत चालायचा, पण त्याचं ताट उलटं. त्याला तेल, साखर, भात कमी करायचा होता. एकाच स्वयंपाकघरात एकाला वाढवायचं आणि एकाला उतरवायचं. काकू म्हणाल्या, "एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात ढकललं तरी काम होईल."

काळी शौच, रक्ताची उलटी, ताप, पोट दुखणं, लघवी कमी होणं किंवा बोलण्यात नवा गोंधळ, यांतलं एकही दिसलं तर व्यायाम त्याच क्षणी बंद आणि फोन. हे मुलानं दाराच्या मागे लिहून लावलं.

सहाव्या आठवड्यात दोन गोधड्या उतरल्या होत्या. मोजणीला दवाखान्यातल्या ४५ सेंटिमीटरच्या खुर्चीवरून काका १८ सेकंदांत पाचदा उठले. पकड २१.५, तोल २८, इंडेक्स ४.५. अजून दुर्बळांतच, पण उंबऱ्याशी आले होते. चालणं २६५ मीटर. मी खूश होते. जरा जास्तच.

आठ दिवसांची किंमत

सातव्या आठवड्यात ताप आला, पोट दुखायला लागलं. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला होता. प्रतिजैविकं, अल्ब्युमिन, आठ दिवस ॲडमिट. त्यात गोंधळही वाढला. दिवसा झोप, रात्री जागरण, काकूंना बहिणीच्या नावानं हाका. उपचार वेळेवर मिळाले, ते बचावले, हे आधी सांगायला हवं.

पण वॉर्डात आजारी माणूस झोपूनच असतो. सलाइन, रेलिंग वर केलेली, भांडं पलंगावर. मी तिसऱ्या दिवशी पोचले. चूक माझीही आहे: ॲडमिट झाल्याचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि 'आता ताप उतरू दे' असं मीच म्हटलं होतं. ताप असताना व्यायाम नको हे बरोबर, पण पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवणं म्हणजे व्यायाम नव्हे. ते सुरू करता आलं असतं.

घरी जाताना मोजलं. खुर्चीतून उठणं पुन्हा शून्य. तोल २४. इंडेक्स ५.४, पहिल्या दिवसापेक्षाही वाईट. सहा आठवड्यांत कमावलेलं आठ दिवसांत गेलं, वर थोडं व्याजही गेलं. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा काकूंनी सांगितलं, "ह्यांनी काही न बोलता तिन्ही गोधड्या परत खुर्चीवर ठेवल्या."

दुसऱ्यांदा मात्र गती जास्त होती. शरीराला वाट माहीत होती म्हणा, किंवा घराला. काकूंना आता सांगावं लागत नव्हतं. गुढीपाडव्याला श्रीखंडाऐवजी नुसता चक्का खाल्ला गेला. एप्रिलच्या उन्हात गॅलरी तापायची, म्हणून चालणं जिन्यात आलं. आधी सहा पायऱ्या उतरून चढायच्या, मग नऊ, मग एक मजला. चढताना कठडा धरायचा, उतरताना पुढे मुलगा.

सोळाव्या आठवड्यात पकड २४ किलो, पाच वेळा उठणं १४.५ सेकंद, तोल पूर्ण तीस, इंडेक्स ४.२. सहा मिनिटांत ३२० मीटर. पावलांची सरासरी २,६००. आणि मेल्ड? २०. आधीपेक्षा एकानं जास्तच. रक्ताच्या कागदावर माणूस किंचित खालावला होता.

यातलं किती श्रेय व्यायामाचं, ते या एका प्रकरणावरून सांगता येत नाही. याच काळात पोटातलं पाणी औषधांनी आटोक्यात आलं, लॅक्टुलोजची मात्रा बसली, झोप सुधारली. वाटीभर दुधात किती काम झालं आणि गोधड्यांनी किती केलं, हे वेगळं काढायला दुसरे काका हवेत. पकड अजूनही २८ च्या खालीच आहे, म्हणजे स्नायू परत आले असं मी म्हणणार नाही. सीटी स्कॅनवर कमरेच्या तिसऱ्या मणक्याशी स्नायूंचं क्षेत्रफळ मोजता येतं, पण ते पुन्हा मोजलेलं नाही. फक्त त्यासाठी स्कॅन करणं मला पटलं नाही.

एक गोष्ट मात्र मी काकांना स्पष्ट सांगितली होती. 'एकदा लिव्हर बदललं की आपोआप ताकद येईल' ही समजूत घरोघरी असते. प्रत्यारोपणानंतर पहिल्या तीन महिन्यांत दुर्बळता आणखी वाढते, मग हळूहळू उतरते, आणि वर्षानंतरही पुष्कळजण भक्कम म्हणावेत अशा ताकदीला पोचलेले नसतात. ऑपरेशनच्या टेबलावर जेवढी ताकद घेऊन जाल, त्यातून आधी वजा होतं.

मेमधल्या एका रात्री पावणेदोनला काकांच्या घरी फोन वाजला. अवयव उपलब्ध होण्याची शक्यता होती. काका दुसऱ्या क्रमांकावर; पहिल्या रुग्णाला तो बसला नाही तर काकांचा नंबर. अशा वेळी दोघांनाही बोलावून तयार ठेवतात. उपाशीपोटी यायचं होतं. मुलगा पिशवी भरेपर्यंत काका चप्पल घालून दारात उभे होते. ३६ पायऱ्या कठडा धरून स्वतः उतरले. मुलगा पुढे होता, पण पाठमोरा. खाली गाडीची किल्ली शोधत होता.

सकाळी सातला कळलं की अवयव पहिल्या रुग्णाला बसला. काका नाव तपासून, रक्त देऊन, कपडे बदलून पुन्हा कपडे बदलून परत निघाले.

मला हे साडेआठला समजलं. अशा वेळी काय बोलायचं ते सुचत नाही. पण डोक्यात आधी आला तो हिशोब: रात्री साडेदहाचं सातूचं पीठ, त्यानंतर काही नाही, दहा तास, वर दोन मजले चढायचे. काकूंना फोन केला आणि पहिलं हेच विचारलं, काही खाल्लं का त्यांनी?

"गाडीत दिलं. रात्रीच थालीपीठं लावून डब्यात घेतली होती. दही पण होतं. जिना नंतर चढले."

"किती ठिकाणी थांबले?"

काकूंनी फोनवरूनच विचारलं. मागून काकांचा आवाज आला, जरा चिडका, झोपेला आलेला.

"एकदा. पहिल्या मजल्यावर जोशीबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा."